पहिला दात कुणी पाहिला

हुस्नीयेबाईंसमोर बाळाच्या तोंडात चोखणी द्यायची नाही, हे आन्तेप शहरातल्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. एकतीस वर्षं त्या वरच्या चौकातल्या माता-बाल दवाखान्यात नर्स होत्या, आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी किती पोरांच्या तोंडातून चोखण्या उपसल्या याची गणती नव्हती. त्यातून ती चोखणी द्राक्षाच्या काकवीत बुडवलेली निघाली, तर त्या आईची धडगत नसे. "काकवी कुणासाठी? बाळासाठी की किडीसाठी?" असं त्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत. मग भाषण सुरू. दूध पाजून झालं की स्वच्छ ओलं फडकं बोटाला गुंडाळायचं आणि हिरड्या पुसायच्या, वरच्या, खालच्या, डावीकडच्या, उजवीकडच्या. पहिला दात दिसला की मऊ ब्रश आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. बाळाचा चमचा आपण चाटून बघायचा नाही. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. आया माना डोलवत, आणि फाटकाबाहेर पडल्या की पिशवीतली दुसरी चोखणी काढून बाळाच्या तोंडात कोंबत. जिथे प्रत्येक वळणावर पाकात बुडवलेल्या बकलाव्याचं दुकान, तिथे दातांवर भाषण द्यायचं म्हणजे बाई जिद्दीची हवी, आणि हुस्नीयेबाई होत्याच तशा.

आता निवृत्तीनंतर त्यांच्या ताब्यात एकच तोंड उरलं होतं. नातीचं. नेहिर साडेसात महिन्यांची होती, आणि तिच्या हिरड्या दिवसातून चार वेळा इतक्या मन लावून पुसल्या जात, की तेवढ्या निगुतीने गल्लीत कुणी चांदीची भांडीही पुसत नसेल.

सून बेरिन गालिच्यांच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाचं काम बघायची. सकाळी साडेसातला कारखान्याची बस तिला कोपऱ्यावरून उचलायची आणि संध्याकाळी सहाला तिथेच आणून सोडायची. या दोन वेळांच्या मधेच नेहिरला सगळे पराक्रम सुचत. ती कुशीवर वळली ती सकाळी अकरा वाजता. आधाराशिवाय बसली ती भर दुपारी. आणि दर वेळी हुस्नीयेबाईंचा फोन जायचाच. "बेरिन! वळली गं वळली! काय सुंदर वळली! तू असायला हवी होतीस!" हे शेवटचं वाक्य बाई अगदी प्रेमाने म्हणत. पलीकडे बेरिन मालाच्या याद्यांसमोर ओठ चावून बसे.

रविवारी न्याहारीच्या वेळी बेरिनने चहाचा पेला खाली ठेवला.

"आई, एक सांगायचंय. दात माझा."

"दात नेहिरचा," हुस्नीयेबाई हसत म्हणाल्या.

"थट्टा नको. ती वळली ते तुम्ही पाहिलंत, बसली ते तुम्ही पाहिलंत. मी तिची आई आहे की फोनवर बातम्या ऐकणारी? पहिला दात मी पाहणार. तोही तुम्हीच आधी पाहिलात ना, तर एक तारखेपासून नेहिर कारखान्याशेजारच्या पाळणाघरात. तिथेही परकी माणसंच बघतील म्हणा. पण निदान फोन करून मला कुणी ऐकवणार नाही."

तुन्जाय, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा असल्यामुळे, ऑलिव्हच्या बिया मोजत बसला. हुस्नीयेबाई आधी हसल्या, मग आपण एकट्याच हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं. सून रागावून बोलली असती तर त्यांना एवढं वाटलं नसतं, पण ती शांतपणे बोलली होती. पाळणाघर! नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, दवाखाना सुटून दोन. नेहिर नसती तर या घरात दिवसभर बोलायचं कुणाशी? चहाच्या किटलीशी? त्यांनी डोळ्यांची शपथ घेऊन वचन दिलं, दाताकडे ढुंकूनही बघणार नाही म्हणून. हिरड्या पुसताना डोळे मिटून पुसीन, म्हणाल्या.

आणि मंगळवारी सकाळी त्यांनी खरंच डोळे मिटून पुसल्या. पण बोटाला कुठे डोळे मिटता येतात? खालच्या हिरडीवर, मधोमध जरा डावीकडे, फडकं अडकलं. बाईंनी पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं. चमचा घेऊन हलकेच टेकवला तर टिक् असा आवाज आला. मग मात्र डोळे उघडलेच. गुलाबी हिरडीत पांढरी कणी, अगदी आत्ताच वर आलेली.

त्या गावची एक रीत आहे. बाळाचा पहिला दात ज्याच्या नजरेला पडेल त्याने बाळाच्या अंगातलं झबलं तिथल्या तिथे फाडायचं, म्हणजे पुढचे दातही असेच सरसर हिरडी फाडून वर येतात. नर्सबाई म्हणून हुस्नीयेबाईंना पक्कं ठाऊक होतं की झबल्याचा आणि हिरडीचा काडीइतका संबंध नाही. पण ज्ञान डोक्यात होतं आणि हात आन्तेपचे होते. त्यांनी दोन्ही हातांनी गळा धरला आणि चर्रर्र करून झबलं बेंबीपर्यंत फाडलं. दृष्ट लागू नये म्हणून झबल्याला टाचलेला निळा मणी उडून कोचाखाली गेला. नेहिरला हा प्रकार फार आवडला. ती खदाखदा हसली, आणि हसताना दात दिसला.

"अगं बाई!" हुस्नीयेबाईंनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. सहा वाजायला जवळजवळ दहा तास होते. तोपर्यंत हा दात कुणाच्या नजरेला पडता कामा नये, आणि संध्याकाळी तो बेरिनलाच सापडला पाहिजे. काम सोपं होतं, पण पोर सोपी नव्हती. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही तोंडभर हसून दाखवायची तिला सवय. बाईंनी कोचाखालून मणी काढला, नवं झबलं घातलं, मणी टाचला, आणि फाटकं झबलं गोळा करून एप्रनच्या खिशात कोंबलं. मग नेहिरला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आज हसायचं नाही हं. आज आपण दोघी गंभीर." नेहिर हसली.

दहाला मक्बुले आली. मक्बुले समोरच्या दारातली शेजारीण. तिच्या चार पोरांच्या मिळून सात चोखण्या हुस्नीयेबाईंनी जप्त केल्या होत्या, शेवटची तर भर रांगेत. त्यालाही आता तीस वर्षं होत आली. दोघी रोज एकत्र कॉफी पीत, एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावून जात, पण त्या सात चोखण्या मक्बुले विसरली नव्हती.

"लाळ बघ किती गाळतेय!" तिने बसायच्या आधीच नेहिरच्या हनुवटीला हात घातला. "दात येतोय हिला. बघू गं राणी, हिरडी दाखव."

"हात धुतलेस?"

"घरून धुऊन आले."

"जिन्याचा कठडा धरून आलीस. जा, साबण लाव. वीस आकडे मोजायचे."

मक्बुले पुटपुटत न्हाणीकडे गेली. हुस्नीयेबाईंकडे वीस आकडे होते. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, मसुरीच्या डब्यामागे, बेरिनच्या मावशीने बारशाला दिलेली एक चोखणी होती. खोकं न फोडता बाईंनी तिला तिथे हद्दपार केलं होतं. त्यांनी स्टुलावर चढून ती काढली, खोकं दातांनी फोडलं, किटलीतलं उकळतं पाणी तिच्यावर ओतलं, मग गार पाणी ओतलं. एवढ्या घाईतही उकळत्या पाण्याचं त्या विसरल्या नाहीत, हे त्यांच्या नोकरीला शोभणारंच होतं. न्हाणीतून "सतरा, अठरा," ऐकू येत होतं. चोखणी नेहिरच्या तोंडात गेली. नेहिरने आधी आश्चर्याने आजीकडे पाहिलं, मग विचार केला, मग अशी काही चोखायला लागली, जणू साडेसात महिने तिच्यावर अन्यायच झाला होता.

मक्बुले टॉवेलला हात पुसत दारात आली आणि तिथेच थांबली.

"हुस्नीये."

"काय?"

"बाळाच्या तोंडात काय आहे?"

"कुठे?"

"तोंडात. नाकाच्या खाली."

"ते होय? हल्ली डॉक्टर लोक म्हणतात, थोडा वेळ चालतं."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"आज सकाळपासून," हुस्नीयेबाई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं काहीतरी बोलून जातं.

मक्बुलेने टॉवेल खुर्चीवर ठेवला. ती सावकाश बाल्कनीत गेली, आणि सणाच्या दिवशी मारावी तशी हाक तिने गल्लीत मारली. "लेमान! अगं सगळ्या या! हातातलं टाकून या! नर्सबाईंनी नातीला चोखणी दिलीय!"

पाव तासात दारात चपलांचे चार जोड. चौघीजणी वांगी कोरता कोरता उठून आल्या होत्या, कारण वाळवणाचे दिवस होते आणि गल्लीत प्रत्येक गच्चीवर वांग्यांच्या माळा लटकत होत्या. तळमजल्यावरची लेमान तर कोरणं हातात घेऊनच आली. सगळ्या कोचावर ओळीने बसल्या आणि नेहिरकडे अशा बघायला लागल्या जशी काही नवरी बघायला आल्यात.

"साधी दिलीय की काकवीत बुडवून?" लेमानने विचारलं.

"काकवी कुणासाठी? बाळासाठी की किडीसाठी?" दुसरीने हुस्नीयेबाईंचाच आवाज काढला, आणि सगळ्या हसून लोळल्या.

"माझा ओरहान दोन दिवस रडत होता हो, नर्सबाई. दोन दिवस! तुम्ही म्हणालात, रडू दे, दात तरी सरळ येतील," तिसरी म्हणाली.

"मग? आले ना सरळ?" हुस्नीयेबाईंना राहवलं नाही.

"आले. पण तो अजून तुम्हाला बघून रस्ता बदलतो. बत्तीस वर्षांचा झालाय."

हुस्नीयेबाईंचे कान लाल झाले. एका चिमुकल्या दातापायी एकतीस वर्षांची अब्रू स्वतःच्याच कोचावर लिलावात निघाली होती, आणि त्यांना तोंडातून ब्र काढता येत नव्हता. काय बोलणार? मक्बुलेने तेवढ्यात फोटोही काढला, आणि 'तुझ्या सासूबाई सुधारल्या' असं लिहून बेरिनला पाठवून दिला.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"आई, चोखणी?" बेरिन म्हणाली.

"रडत होती गं जरा."

"नेहिर रडत होती? नेहिर तर इंजेक्शनलाही रडत नाही! तुमची तब्येत बरी आहे ना? मी अर्धी सुट्टी टाकून दीडपर्यंत येते."

"अगं नको—" पण फोन ठेवलेला होता. मग बाईंना सुचलं, की येतेय तेच बरं. सहापर्यंत वाट बघण्यापेक्षा दीडपर्यंतच निभावायचं. त्यांचा जीव जरासा भांड्यात पडला, आणि नेमक्या त्याच क्षणी नेहिरला चोखणीचा कंटाळा आला. तिने ती थुंकली. बायका फोटोवर वाकल्या होत्या, समोर होती फक्त मक्बुले. नेहिर मक्बुलेकडे बघून तोंडभर हसली.

मक्बुले बघतच राहिली. तिने नेहिरचं तोंड पाहिलं, हुस्नीयेबाईंचं तोंड पाहिलं, मग एप्रनच्या खिशातून डोकावणारी फाटक्या झबल्याची कड पाहिली. अशा बाबतीत ती दवाखान्यातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा हुशार होती. तिने चोखणी उचलली, किटलीतल्या पाण्याने धुतली, नेहिरच्या तोंडात परत घातली आणि म्हणाली, "हुस्नीये, कॉफी उतू जातेय." गॅसवर कॉफी नव्हतीच.

स्वयंपाकघरात दार लोटून ती कुजबुजली, "कधीपासून?"

"आठ दहापासून."

"फाडलंस?"

"हातांनी फाडलं गं. मी नाही."

"आणि बेरिनला वचन दिलेलं." मक्बुलेला रविवारची हकीकत माहीत होती, कारण तिला सगळ्यांच्या रविवारच्या हकीकती माहीत असत. "पाळणाघर होणार मग."

"मक्बुले, माझ्या गळ्याची शपथ, कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार. पण बाहेर जाऊन सगळ्यांसमोर म्हणायचं, चोखणीने कुणी मरत नाही."

"मी कधी म्हटलं मरतं म्हणून? मी म्हटलं दात वाकडे होतात."

"मरत नाही, एवढंच म्हण. आणि म्हण, मक्बुले, तुझं तेव्हा बरोबर होतं."

"ते नाही म्हणणार. ते खोटं आहे. तू काकवीत बुडवायचीस!"

"मग पहिलं तरी म्हण. ठणठणीत आवाजात. भाषणाच्या."

हुस्नीयेबाई बाहेर आल्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि औषध गिळावं तसं म्हणाल्या, "चोखणीने कुणी मरत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. लेमान म्हणाली, पुन्हा एकदा म्हणा, मी मोबाइलमध्ये भरून घेते. मक्बुलेने मात्र शब्द पाळला. "चला, उठा आता, पोरीला झोप आलीय," म्हणून तिने चौघींना चपलांपर्यंत हाकललं. स्वतः मात्र गेली नाही. एवढी धडपड बघून शेवट न बघता घरी जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दीड वाजता बेरिन आली, कपाळावर आठ्या घेऊन. आल्याआल्या तिने सासूच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"मी बरी आहे," हुस्नीयेबाई म्हणाल्या. "दमले जरा. आज हिरड्या तू पूस. हे घे फडकं, उकळून ठेवलंय. हात धू."

बेरिनने हात धुतले, चोखणी काढून बाजूला टाकली, आणि नेहिरच्या वरच्या हिरडीवरून भराभर बोट फिरवलं. "झालं."

"खालची राहिली."

बेरिनने खालची पुसली. उजवीकडून निघाली, मधोमध येऊन थांबली, आणि बोट बाहेर काढलं. मक्बुले खोकली.

"डावी बाजू," हुस्नीयेबाई दवाखान्याच्या आवाजात म्हणाल्या. "डाव्या बाजूकडे सगळ्या आयांचं दुर्लक्ष होतं. एकतीस वर्षं बघत आलेय मी."

"आई, तिला अजून दातच नाहीत, मग डावी काय आणि उजवी—" बेरिनचं बोट थांबलं.  बोट मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तिने नेहिरची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि वाकून पाहिलं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "आई, दात."

"काय सांगतेस!" हुस्नीयेबाई एवढ्या जोरात ओरडल्या की नेहिर दचकली. "दात? कुठे? अगं माझ्या देवा! मक्बुले, ऐकलंस, दात!"

"मला कसं माहीत असणार," मक्बुले म्हणाली.

बेरिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने झबल्याचा गळा धरून ओढला, पण झबलं कोरं. फाटेना. शेवटी तिने कड दातांत धरून टरकावली, आणि हसत हसत, रडत रडत पोरीला छातीशी धरलं. मक्बुलेने जीभ लवलववत असा काही मंगल आरोळीचा स्वर काढला की गल्लीतल्या गच्च्यांवर कबुतरं उडाली. हुस्नीयेबाई सुनेकडे बघत राहिल्या. हे बघायला मिळावं म्हणून आणखी दहा चोखण्या दिल्या असत्या, असं त्यांना वाटून गेलं.

पण बेरिन पुन्हा दाताकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर आठी परत आली.

"हा एवढा वर आलाय, आई. दोन-तीन दिवसांचा तरी असेल. तुम्ही दिवसातून चार वेळा पुसता. तुम्हाला कळलाच नाही?"

"डोळे गं आता. वय झालं."

"डोळे नाही, बोट फिरवता ना तुम्ही. एवढा टोकदार दात बोटाला लागला नाही? आणि आज चोखणी. तुम्ही, आणि चोखणी!" तिचा आवाज मऊ झाला, आणि तेच वाईट होतं. "रागावून नाही म्हणत. पण दिवसभर एकटीने पोर सांभाळणं तुम्हाला झेपेनासं झालंय बहुतेक. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. पाळणाघराचं खरंच बघूया का? तुम्हालाही आराम."

हुस्नीयेबाईंनी मक्बुलेकडे पाहिलं, मक्बुलेने छताकडे. दात पाहिला म्हटलं तर पाळणाघर, आणि नाही पाहिला म्हटलं तरी पाळणाघर! गप्प राहायचं, असं बाईंनी ठरवलं. थोड्या दिवसांनी सुनेचं मन वळवता येईल. त्या गप्पही राहिल्या असत्या. पण बेरिन नेहिरला थोपटत स्वतःशीच म्हणाली, "दोन-तीन दिवस बिचारी दात घेऊन फिरतेय, आणि आजीच्या बोटाला पत्ता नाही."

"दोन-तीन दिवस?" हुस्नीयेबाई ताडकन उठल्या. "माझ्या बोटाखाली? काल संध्याकाळच्या पुसण्याला नव्हता तो! आज सकाळी आला, आठ वाजून दहा मिनिटांनी, खालचा डावा, चमच्याला वाजला! एकतीस वर्षं हे बोट—"

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण आता उशीर झाला होता. मक्बुले म्हणाली, "गेली ही कामातून," आणि खुर्चीवर बसली.

 बेरिनने बाजूला पडलेली चोखणी उचलली.

"म्हणजे ही दात झाकायला होती?"

हुस्नीयेबाईंनी मान हलवली.

"चार बायकांसमोर?"

"पाच," मक्बुले म्हणाली. "मीही होते. आणि लेमानने भरूनही घेतलंय."

"माझ्यासाठी केलंत, आई?"

हो म्हणायची केवढी सोय होती! पण एका दिवसात बाईंना एवढंच खोटं पेलत होतं. "नाही गं. माझ्यासाठीच केलं. ही पाळणाघरात गेली तर मी सकाळी उठू कशाला, सांग? मला ती हवी. मला तिच्या हिरड्या पुसायच्या असतात. म्हणून लपवलं." आणि त्या चक्क रडायला लागल्या, एप्रन डोळ्यांना लावायला गेल्या तर हातात फाटकं झबलंच आलं.

बेरिन त्यांच्या शेजारी बसली. नेहिर दोघींच्या मांड्यांवर मिळून आडवी झाली.

"मला राग दाताचा नव्हता, आई. फोनचा होता. 'तू असायला हवी होतीस.' मला काय माहीत नाही, मी असायला हवी होते ते? तुमचा फोन आला की मला न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभं राहावं लागतं."

हे हुस्नीयेबाईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यात भाषण नव्हतं. त्यांनी सुनेचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"तुम्ही बघा," बेरिन म्हणाली. "जे दिसेल ते बघा. तुम्ही नाही बघायचं तर कुणी? फक्त मला कळवू नका. संध्याकाळी माझं मी बघेन."

"आणि पाळणाघर?"

"फोन आला की पाळणाघर."

"फोन न करता ही जगणार?" मक्बुले म्हणाली. "हिला त्यापेक्षा चोखणी सोपी गेली."

रविवारी दाताचे गहू, म्हणजे पहिल्या दाताच्या आनंदात गल्लीत वाटायचे गहू, शिजवायचे ठरले, नवं झबलं दोघींनी एकेक आणायचं ठरलं. पण रविवार उजाडायच्या आधी गुरुवार आला. गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी नेहिरने आपले दोन्ही हात हवेत उचलले, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि टाळी वाजवली. आयुष्यातली पहिली. हुस्नीयेबाईंचा हात फोनकडे गेला. त्यांनी फोन पावाच्या डब्यात टाकून झाकण लावलं आणि त्यावर वरवंटा ठेवला. तरीही जीव राहीना, म्हणून त्या समोरच्या दारात गेल्या आणि मक्बुलेच्या कानात सांगितलं. मक्बुलेने फक्त लेमानला सांगितलं. लेमानने कुणालाच सांगितलं नाही, समोरच्या ओळीतल्या बायका सोडून. दोन वाजेपर्यंत अख्ख्या गल्लीला टाळीची बातमी होती, आणि गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादी बातमी गल्लीबाहेर गेली नाही.

सहाला कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबली. बेरिन उतरली. हुस्नीयेबाई नातीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या.

"काय नवीन?" बेरिनने विचारलं.

"काही नाही. जेवली, झोपली, दात घासला. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट."

नेहिरने आईला पाहिलं. दोन्ही हात उचलले. पहिल्या खेपेला ते एकमेकांना चुकले. दुसऱ्या खेपेला बरोबर लागले.

बेरिनची पर्स रस्त्यावर पडली. "आई! पाहिलंत? टाळी! आत्ता, माझ्यासमोर!"

"अगं, खरंच की!" हुस्नीयेबाई म्हणाल्या. या खेपेला त्या ओरडल्या नाहीत, बेताने म्हणाल्या. दोन दिवसांत त्या पुष्कळ शिकल्या होत्या.

वरून कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. बेरिनने मान वर केली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत एक बाई होती. दोघी उशा झटकत होत्या. मक्बुले काच पुसत होती, आणि ती पुसताना काचेकडे तिचं लक्षच नव्हतं. लेमान कुंड्यांना पाणी घालत होती, आणि त्यातल्या एकाही कुंडीत उन्हाळ्यापासून झाड नव्हतं. पाणी सरळ खाली रस्त्यावर ठिबकत होतं. 

बेरिनने सासूकडे पाहिलं. हुस्नीयेबाई समोरच्या गच्चीवरच्या वांग्यांच्या माळा मन लावून बघत होत्या.

बेरिनने कुणालाच काही विचारलं नाही. तिने नेहिरला सासूच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं, खिडक्यांकडे वळवलं आणि म्हणाली, "वाजव गं राणी, पुन्हा वाजव. या सगळ्यांनी अजून पाहिलेली नाही."